शेतातलं शेड की भंगाराचं दुकान? १० बाय १२ च्या जागेत हत्यारं, सुटे भाग अन् औषधं अशी लावा

रब्बीचं पाणी सुरू असतं. थ्री फेजची लाइट आठ तास, तीही कधी रात्रीची. अशात पाइपाचा जॉइंट निसटतो नाहीतर स्टार्टरमधली वायर ढिली होते. काम दहा मिनिटांचं, पण १२-१३ चा पाना शोधण्यातच अर्धा तास जातो. पाना सापडतो तोवर लाइट गेलेली असते.

घराशेजारी किंवा शेतात पत्र्याचं छोटं शेड बहुतेकांकडे असतं. त्यात खताची पोती, फवारणी पंप, ठिबकच्या नळ्या, जळकी मोटर, डिझेलचा कॅन, पोरांची सायकल आणि कोपऱ्यात औषधाच्या बाटल्या असं सगळं एकत्र असतं. मग म्हणतात, जागा पुरत नाही. खरं तर १० बाय १२ फूट जागा घरच्या दुरुस्तीच्या कामाला पुरते. फक्त ती लावायला एक दिवस द्यावा लागतो.

आधी सगळं बाहेर काढा

शेड पूर्ण रिकामं करा. अंगणात तीन ढीग करा: दर आठवड्याला लागणारं, हंगामात एकदा लागणारं आणि कधीच न लागणारं. तिसरा ढीग भंगारवाल्याला द्या. "कधीतरी कामाला येईल" म्हणून ठेवलेल्या वस्तूच सगळ्यात जास्त जागा खातात.

सामान काढताना हातात काठी आणि पायात बूट असू द्या. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. अंधारात ढिगाऱ्यात हात घालू नका. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

जमीन मोकळी, भिंत कामाला

छोट्या जागेत सामान भिंतीवर चढवायचं. जुन्या दाराची फळी किंवा प्लायवूड भिंतीला ठोका. त्यावर खिळे मारून पाने, पक्कड, हातोडी, करवत, टेस्टर अडकवा. प्रत्येक हत्याराभोवती रंगाने किंवा खडूने त्याचा आकार काढून ठेवा. कुठली जागा रिकामी आहे ते लांबूनच दिसतं, म्हणजे शेजाऱ्याने नेलेला पानाही आठवतो.

फावडं, टिकाव, पहार यांच्यासाठी एका कोपऱ्यात पाइपाचे तुकडे उभे बांधा आणि दांडे त्यात सोडा. कोयता, विळा यांची धार भिंतीकडे ठेवा.

जड वस्तू खाली, हलक्या वर आणि रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यापर्यंतच्या उंचीत, हा साधा हिशोब लक्षात ठेवा. मोटर किंवा घण कधीही वरच्या फळीवर ठेवू नका.

कामाचं टेबल

टेबल खिडकीजवळ किंवा दाराजवळ, उजेडात असावं. उंची साधारण कमरेइतकी, म्हणजे ३ फुटांच्या आसपास. जास्त खाली असेल तर पाठ धरते. वाईस बसवायचा तर टेबलाच्या पायाजवळच्या कोपऱ्यावर बसवा, म्हणजे ठोकताना टेबल हलत नाही. टेबलावर सामान साठवू नका. ती जागा कामाची आहे.

नट-बोल्ट अन् ठिबकचे सुटे भाग

बरणी पारदर्शक घ्या, आत काय आहे ते बाहेरून कळतं. नट-बोल्ट, वॉशर, फ्यूज वायर, पंपाचे नोझल, ठिबकचे जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप यांना वेगळी बरणी. वर पट्टी चिकटवून माप लिहा. मसाल्याच्या डब्यासारखी सोय झाली पाहिजे.

कीटकनाशकाचे रिकामे डबे मात्र यासाठी वापरू नका. धुतले तरी विषाचा अंश राहतो. असे डबे तीनदा खळबळून, भोक पाडून निकामी करायचे असतात.

ठिबकच्या नळ्या गुंडाळून उंचावर टांगा, जमिनीवर ठेवल्या तर उंदीर कुरतडतात. पीव्हीसी पाइप आडवे आणि सावलीत ठेवा. उन्हात ते ठिसूळ होतात, आणि मध्ये आधार नसला तर वाकतात.

खताची पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून थोडी लांब आणि हत्यारांपासून दूर ठेवा. खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याने लोखंड लवकर गंजतं. पावसाळ्याआधी पान्यांवर तेलाचा बोळा फिरवला की गंज धरत नाही.

औषधं वेगळी, कुलपात

यात हयगय चालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीत जे औषध इतकं घातक ठरतं, ते घरात पोरांच्या हाती लागलं तर काय होईल याचा विचार करा.

औषधं कुलूप लागणाऱ्या पेटीत किंवा कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. धान्य, पेंड, चारा यांच्याजवळ नको. मूळ बाटलीतच ठेवा. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध कुणीही पाणी समजून पितं. बाटलीवरच्या चौकोनातला रंग बघायला शिका: लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवाही विषारीच असतो.

पोटात गेलंच तर मनाने उलटी करवू नका. बाटली किंवा लेबल सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात न्या. कुठलं औषध आहे यावर उपचार ठरतो.

लाइट अन् आग

डिझेल-पेट्रोल कडबा आणि ग्राइंडरपासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. वेल्डिंग, ग्राइंडिंग बाहेर अंगणात करा. बॅटरीवरचा पंप हवेशीर जागी चार्ज करा.

बोर्डाला अर्थिंग हवीच. गळती झाली की लाइट तोडणारा ईएलसीबी बसवून घ्या. जोड दिलेली उघडी वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नका. दाराजवळ वाळूची बादली भरलेली असू द्या.

शेवटची पाच मिनिटं

शेड एकदा लावून भागत नाही. काम संपलं की पाच मिनिटं हत्यारं जागेवर लावायची, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. वर्षातून दोनदा पूर्ण झाडझूड करा: एकदा मे अखेरीस पावसाच्या आधी, दुसऱ्यांदा खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं पुसून पुजायची पद्धत आहेच. त्याच वेळी काय हरवलं, काय गंजलं, कुठल्या औषधाची मुदत संपली हे बघून घेतलं, तर रब्बीला शोधाशोध राहत नाही.