आधी झाड, मग तोड

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ पहिल्यांदा उघडला की पडद्यावर जवळजवळ काहीच नसतं. मला सगळ्यात आधी थक्क केलं ते याच गोष्टीने.

माझी भाची नववीत आहे. सुट्टीत माझ्याकडे आली तेव्हा तिने लॅपटॉपवर हा खेळ लावला आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसले. या खेळात मुरलेल्या माणसाचा पडदा मी आधी पाहिला होता. उजवीकडे वर नकाशा, त्याला चिकटून जीव, प्रार्थना, धावण्याची ताकद असं काय काय दाखवणारे गोळे. खाली पिशवी, तिच्या वर सात चित्रं आणि खाली सात चित्रं. डावीकडे सतत सरकणाऱ्या गप्पा. ऐन लग्नघराच्या स्वयंपाकघरात चुकून शिरावं तशी गत! आणि भाचीच्या पडद्यावर? एक खोली, एक माणूस, त्याच्या डोक्यावर नाचणारा पिवळा बाण. चित्रांच्या जागा रिकाम्याच.

तिने त्या माणसावर क्लिक केलं. तो चार शब्द बोलला आणि रिकाम्या जागी एक पाना उगवला, लुकलुकायला लागला. सेटिंगचं चित्र. तिने तो दाबला, मगच गोष्ट पुढे सरकली. दाराबाहेर तळ्याकाठी दुसरी शिक्षिका भेटली आणि पिशवी उगवली. मग कौशल्यांचा तक्ता. मग तलवार. सगळा पडदा तिच्या डोळ्यांसमोर एकेक अवयव फुटत वाढत होता आणि प्रत्येक अवयव गरज पडली त्याच क्षणी येत होता. मुलाला पाटीवर आधी ‘ग’ गिरवायला देतात, अख्खी बाराखडी एका दिवशी पुढ्यात टाकत नाहीत, तसंच हे. हे सगळं घडतं त्या बेटाचं नावच ‘ट्यूटोरियल आयलंड’, म्हणजे शिकवणीचं बेट.

आता खरी गंमत. तळ्याकाठच्या बाईने भाचीला कुऱ्हाड आणि चकमक दिली. झाड तोड, लाकूड पेटव, कोळंबी भाज. तिने झाडावर उजवं बटण दाबलं आणि छोटी यादी उघडली. खेळ इंग्रजीत आहे, मी अर्थ मराठीत सांगते : तोड, इथे चालत जा, निरखून पाहा, रद्द. या यादीकडे नीट बघा. क्रिया पांढऱ्या अक्षरांत आणि ‘झाड’ आकाशी अक्षरांत. एखाद्या माणसावर उजवं बटण दाबलंत तर त्याचं नाव पिवळं. जमिनीवर पडलेल्या वस्तूचं नाव नारिंगी. क्रियापदाचा रंग वेगळा, नामाचा वेगळा आणि नामांतही सजीव-निर्जीवाला वेगवेगळे रंग. हे तर व्याकरण झालं!

आणि हे व्याकरण आलं कुठून? त्यासाठी १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात जावं लागेल. रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने तिथल्या मोठ्या संगणकावर एक खेळ लिहायला घेतला आणि पुढे त्याचा सोबती रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. नाव ‘मड’. अनेक माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरू शकतील असा तो खेळ होता, पण त्यात चित्र एकही नव्हतं. सगळं अक्षरांत. खोलीचं वर्णन वाचायचं आणि आज्ञा टंकायची : घे तलवार, जा उत्तरेला. इंग्रजी वाक्यच ते, त्यामुळे क्रियापद आधी आणि नाम नंतर. खेळणाऱ्याला कुठली क्रियापदं चालतात ते पाठ असावं लागे, किंवा अंदाजाने टंकून बघावं लागे.

पुढे २३ वर्षांनी, ४ जानेवारी २००१ रोजी, इंग्लंडमध्येच अँड्र्यू गोवर आणि त्याचा भाऊ पॉल यांनी रूनस्केप लोकांसाठी खुला केला. अँड्र्यूने त्याआधी जो खेळ लिहायला घेतला होता त्याचं नाव होतं ‘डीव्हियसमड’. नावातच ‘मड’! घराणं कोणतं ते नावच सांगतं. मग आज्ञा टंकायची ती ओळ गेली कुठे? ती उजव्या बटणाखाली जाऊन बसली. ‘तोड’, ‘बोल’, ‘उचल’ ही सगळी क्रियापदं आता पाठ करायची नाहीत. ज्या वस्तूला बोट लावाल ती वस्तूच तुम्हाला सांगते की माझ्यावर कोणकोणती क्रियापदं लागू होतात.

इथे मी थबकले. इंग्रजी बोलणाऱ्यांनी बनवलेला खेळ, पण माउस हाती आल्यावर वाक्याचा क्रम उलटला. आधी वस्तूवर बोट, मग क्रिया. आधी झाड, मग तोड. आपण मराठीत असंच तर बोलतो! ‘झाड तोड’, ‘कोळंबी भाज’, ‘दार उघड’. यादीत छापलेली ओळ अजून इंग्रजी क्रमाने, क्रियापद पुढे ठेवून वाचली जाते, पण हात मात्र मराठी वाक्यरचना करत असतो. माझ्या मते खेळाचा सगळा पडदा समजून घ्यायला ही एवढी एक किल्ली पुरते. पडद्यावर बटणं दिसतात, त्यांच्याकडे शब्द म्हणून बघायचं. प्रत्येक क्लिक हे एक पूर्ण वाक्य.

दोन नामांचं वाक्यही होतं. पिशवीतल्या चकमकीवर क्लिक केलं की तिच्याभोवती पांढरी कड येते. वाक्य अर्धवट आहे, खेळ थांबलाय, ‘चकमकीने... काय?’ मग लाकडावर क्लिक. ‘चकमकीने लाकूड पेटव.’ तृतीया विभक्ती! ती पांढरी कड म्हणजे चक्क ‘ने’ हा प्रत्यय.

डाव्या बटणाचं काय? यादीतलं सगळ्यात वरचं क्रियापद डाव्या बटणाला लागतं. म्हणजे वर काय ठेवायचं हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेलं असतं. झाडासाठी ‘तोड’, दुकानदारासाठी ‘बोल’. समोर एखादा राक्षस असेल आणि त्याची लढाईची पातळी तुमच्याहून जास्त असेल, तर ‘हल्ला कर’ ही ओळ आपोआप खाली सरकते. चुकून डावं बटण दाबलंत तरी तुम्ही नुसते चालत जाता. त्याच्या नावापुढची पातळीही लाल झालेली असते. तो दुबळा असता तर ती हिरवी दिसली असती. नवख्याला न सांगता, न टोकता सांभाळणारी ही व्यवस्था पाहून मला घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण झाली. विळी वरच्या फळीवर ठेवणारी माणसं असतात ना, तशी.

आता क्लिक केल्यावर काय होतं ते पाहू. बोट उचलताक्षणी पडद्यावर एक फुली उमटते. नुसतं चालायचं असेल तर पिवळी, कशाला हात लावायचा असेल तर लाल. ही फुली तुमच्याच संगणकाने काढलेली असते. जिथे तो खेळ खरोखर चालू आहे त्या दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, अजून काही कळलेलंही नसतं! ‘ऐकलं हं’ एवढंच ती फुली सांगते. वाक्य मात्र समुद्राखालच्या तारेतून निघालेलं असतं. पुणे ते लंडन अंतर सात हजार किलोमीटरहून जास्त आणि काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे कुठेही न अडखळता जाऊन यायलाच ७० मिलिसेकंद तरी हवेत.

आणि वाक्य पोचलं तरी ते लगेच ऐकलं जात नाही. का? कारण हे जग अखंड वाहत नाही. ते ठोक्यावर चालतं. दर ०.६ सेकंदाला एक ठोका, मिनिटाला बरोबर १००. एका ठोक्यात सर्व्हर त्या जगातल्या सगळ्यांची वाक्यं हाती घेतो, सगळ्यांना एकेक पाऊल पुढे सरकवतो आणि पुढच्या ठोक्याची वाट बघतो. खेळाडू त्याला ‘टिक’ म्हणतात. मला मात्र तबल्याची मात्राच आठवते. चालणारा माणूस एका मात्रेत एक घर सरकतो, धावणारा दोन घरं. झाड तोडताना लाकूड मिळतं की नाही याचा कौल दर चार मात्रांनी लागतो, तीनतालातल्या एका विभागाइतका. भाचीने कुऱ्हाड चालवली तेव्हा मी टेबलावर बोटांनी धरून बघितलं, एक-दोन-तीन-चार. लाकूड पिशवीत पडलं ते मात्रेवरच!

मात्रेचा फायदा कळला का? पुण्यातला खेळाडू आणि लंडनमधला खेळाडू यांच्या वाक्यांत दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा फरक पडला तरी दोघंही बहुतेक वेळा एकाच मात्रेत धरले जातात. हा खेळ मोडेमच्या जमान्यात जन्मला आणि तरी हजारो माणसांना एका जगात नांदवू शकला, त्यात या संथ ठोक्याचा हात मोठा आहे.

पण मग माणूस झटके खात का चालत नाही? सर्व्हरच्या लेखी तुम्ही या घरात असता, पुढच्या मात्रेला त्या घरात. मधलं काहीच नाही. मधलं चालणं, हातांचं हलणं, वळणं हे सगळं तुमचा संगणक रंगवतो, दोन ठिपके जोडून रांगोळीची रेघ ओढावी तसं. डोळ्यांना दिसणारा तुमचा माणूस खऱ्या जागेच्या किंचित मागेच असतो.

चालण्यावरून नकाशा आठवला. कोपऱ्यातल्या गोल नकाशावर कुठेही क्लिक करा, तिथे छोटा लाल झेंडा रोवला जातो आणि माणूस भिंती, कुंपणं, तळी यांना वळसे घालून बरोबर तिथे पोचतो. वाट कुणी शोधली? पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरतात ना, तसा हिशेब आहे. उभ्या घरापासून सुरू करायचं, शेजारची घरं, मग त्यांच्या शेजारची, असं चहूकडे पसरत जायचं. भिंत आली की तरंग तिथे अडतो आणि कडेने वळतो. ज्या क्षणी तरंग झेंड्याला टेकला, त्या क्षणी सगळ्यात जवळची वाट सापडलेली असते. भूलभुलैयातून सगळ्यात जवळची वाट काढण्याची ही रीत एडवर्ड मूर या अमेरिकन गणितज्ञाने १९५९ मध्ये मांडली. दर क्लिकला हा तरंग उठतो, कुणाला कळतही नाही.

पिशवी तर मला फारच आवडली. चार रांगा, सात ओळी, २८ खण. लाकडाचा एक ओंडका एक खण अडवतो. पण नाणी? एक नाणं असो की लाख, खण एकच. आणि नाण्यांवरचा आकडा रंग बदलतो : लाखाच्या आत पिवळा, लाखाच्या वर पांढरा, कोटीपासून हिरवा. आपल्या लाख-कोटीच्या पायऱ्यांवर ही रंगांची पाळी अगदी नेमकी बसते, हे पाहून भाची आणि मी दोघी खूश!

मग त्या एका खणात किती नाणी मावतील? २१४,७४,८३,६४७. एकही जास्त नाही. असा अर्धवट आकडा कुणी निवडला? कुणीच नाही. संगणकाने या मोजणीसाठी ३२ खुंट्या ठेवल्यात, प्रत्येक खुंटी उभी किंवा आडवी. एक खुंटी अधिक-उणेचं चिन्ह सांगण्यात गेली, उरल्या ३१. त्यांच्यावर मोजता येईल असा हा सगळ्यात मोठा आकडा आहे. हाच आकडा मूळ संख्या आहे असं थोर गणिती ऑयलर याने १७७२ च्या सुमारास सिद्ध केलं होतं. संगणकाचा मागमूस नसलेल्या काळात त्याने कागदावर ज्याची परीक्षा घेतली, तो आकडा आज एका काल्पनिक राज्यातल्या श्रीमंताच्या पिशवीचं तोंड बांधतो.

एक गोष्ट राहिली. खेळाचं हे रूप टिकलं तेही एका जपून ठेवलेल्या प्रतीमुळे. मूळ खेळ बदलत गेला, लोकांना जुना हवासा झाला आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक प्रत निघाली. तिच्यावरून २२ फेब्रुवारी २०१३ ला ‘ओल्ड स्कूल’ सुरू झाला. २०१८ मध्ये तो फोनवर आला तेव्हा प्रश्न उभा राहिला : फोनला उजवं बटण कुठलं? उत्तर सोपं निघालं. बोट दाबून धरा, तीच यादी उघडते. तीच क्रियापदं, तेच रंग.

बेट संपलं आणि भाची लंब्रिज नावाच्या गावात, किल्ल्याजवळ उतरली. डोक्यावर बाण नाही, काहीच लुकलुकत नाही, चौदाही चित्रं जागेवर. नकाशावर पिवळे ठिपके होते आणि दोन पांढरे.

“मावशी, पांढरे म्हणजे?”

“पिवळी संगणकाची माणसं. पांढरी खरी, आपल्यासारखी. आत्ता कुठेतरी खुर्चीवर बसलेली.”

ती एकदम गप्प झाली. मग जवळच्या झाडाकडे गेली, उजवं बटण, तोड. एक पांढरा ठिपका सरकत आला आणि त्याच झाडाच्या पलीकडे उभा राहिला. दोन कुऱ्हाडी चालू झाल्या. मी टेबलावर मात्रा धरली. तिसऱ्या का चौथ्या खेपेला लाकूड त्याला मिळालं आणि झाडाचा खुंट झाला, तिच्या पडद्यावर आणि त्याच्याही, एकाच मात्रेवर. तिने ‘हॅलो’ टंकलं. तिच्या माणसाच्या डोक्यावर पिवळी अक्षरं तरंगली. दोन मात्रा गेल्या, तीन गेल्या, आणि पलीकडच्या डोक्यावरही पिवळी अक्षरं उमटली.