इंजिनाची पारख चाकांपाशी

वाफेच्या इंजिनांवर आपल्याकडे लिहितात ते बॉयलर, शिट्टी आणि धूर यांच्यापलीकडे फारसं जात नाही. एक्स्प्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूपी वर्गाच्या टोकदार नाकाचं कौतुक तर किती झालं! मी मात्र वर्षानुवर्षं एकच सांगत आलोय: इंजिन पारखायचं ते चाकांपाशी. धुऱ्याला आडवं सरकायला किती मोकळीक दिली आणि कोणत्या वेगासाठी दिली, यात इंजिनिअरची खरी अक्कल दिसते.

बाकीचं झटपट उरकतो. पत्र्याच्या ब्रिटिश फ्रेमऐवजी डब्ल्यूपीला आणि मालगाड्यांच्या डब्ल्यूजीला अमेरिकी पद्धतीची बार फ्रेम आली. सिलिंडरात वाफ सोडणारा स्टीफन्सन व्हॉल्व्ह गिअर बहुधा फ्रेमच्या आत, त्यामुळे फिटरला खड्ड्यात उतरावं लागे. वॉलशार्ट्स गिअर बाहेर, उभ्याउभ्या तेल घालता येई. वॉलशार्ट्स जिंकला, वाद मिटला.

आता वळणं. दार्जिलिंगच्या 2 फुटी रुळांवर बी क्लास इंजिनांनी वळणांचा प्रश्न सोडवला नाही, टाळला. दोनच धुरे, तेही जवळजवळ. वळण निभावलं, पण चाकं घसरू नयेत म्हणून पुढे बसलेल्या माणसांना हातानं रुळांवर वाळू टाकत जावं लागे. या इंजिनांचे भक्त मला माथेरानचा पक्षपाती म्हणतात. म्हणोत.

पीरभॉय कुटुंबाची माथेरानची गाडी 1907 साली सुरू झाली. चढ 20 फुटांना 1 फूट. सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप. एका धुऱ्यावर 5 टनांहून जास्त भार पडू न देता अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तेच हे कॅलथ्रॉप. माथेरानसाठी ऑरेनस्टाइन अँड कोपेलची तीन धुऱ्यांची इंजिनं आली. सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर. पण तिन्ही धुरे ताठ ठेवले असते तर त्या वळणांत इंजिन अडकलंच असतं. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या धुऱ्याला सॅक्सनीच्या क्लीन आणि लिंडनर यांची रचना दिली. आतला भरीव धुरा फ्रेममध्ये जागच्या जागी फिरतो, कपलिंग रॉड त्यालाच जोडलेले. त्याच्यावर पोकळ धुरा, आणि चाकं या पोकळ धुऱ्यावर. मधोमध गोळा आणि आरपार पिन. पिन चाकं फिरवते, गोळ्यावर ती तिरकी होतात.

नेरळच्या शेडमध्ये एका जुन्या फिटरनं जॅकवर चढवलेल्या इंजिनाचं चाक हातानं रेटून दाखवलं होतं. चाकांची जोडी तिरकी झाली, बाहेरचा क्रँक तसूभर हलला नाही. ते पाहिल्यावर ‘फार गुंतागुंत, लवकर झिजते’ हा आक्षेप माझ्यापुरता संपला. झिजायची, खरंच, पण ती इंजिनं ऐंशीच्या दशकापर्यंत डोंगर चढली.

हीच मोकळीक वेगात घातक ठरते. बिहारमध्ये बिहटा इथे 17 जुलै 1937 रोजी एक्सबी वर्गाच्या इंजिनाची एक्स्प्रेस रुळांवरून घसरली, शंभराहून अधिक माणसं गेली. पुढे नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटीत ब्रिटिश इंजिनिअर विल्यम स्टॅनियर होते. या वर्गाच्या पुढच्या बोगीचं आणि मागच्या ट्रकचं आडवं नियंत्रण अपुरं असल्याचं कमिटीनं दाखवलं. मोकळीक हवीच, पण वेग वाढेल तसा तिला स्प्रिंगचा धाक हवा. 1947च्या डब्ल्यूपीकडे याच नजरेनं पाहायला हवं. नाकाचं काय घेऊन बसलात?

आज स्टेशनांबाहेर ठेवलेल्या इंजिनांच्या रॉडांवर रंगाचे थरावर थर चढलेत, बेअरिंगं गंजून बसलीत. पाटीवर वजन आणि साल. चाकांबद्दल अवाक्षर नाही. माझी रेल्वेकडे एकच मागणी आहे: एक क्लीन-लिंडनर धुरा उभा कापून नेरळ स्टेशनवर ठेवा, आणि शेजारी मराठीत त्याची माहिती लावा.