झोपेच्या खात्यावरची उधारी

पहाटे साडेपाचला मैदान, मग शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी पुन्हा सराव आणि जेवण उरकून गृहपाठ. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या नववी-दहावीतल्या मुलामुलींचा दिवस साधारण असा जातो. घरात वाद मात्र ‘खेळ की अभ्यास’ असा रंगतो, जणू एक दुसऱ्याची भाकरी पळवतो आहे. तासांचा हिशेब मांडला की वेगळंच दिसतं. शाळा आपले तास सोडत नाही, प्रशिक्षक आपले सोडत नाहीत. दोघांचीही उधारी झोपेच्या खात्यावर चढते. म्हणूनच मुलांना समतोलाचे धडे देणं मला अर्धवट वाटतं. वेळापत्रक त्यांनी आखलेलंच नाही.

13 ते 18 या वयात रोज 8 ते 10 तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. हे लाड नव्हेत. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग गाढ झोपेत स्रवतो. दिवसा शिकलेलं, मग ते बीजगणित असो वा भालाफेकीची पावलं, मेंदू झोपेतच पक्कं करतो. याच वयात हाडं झपाट्याने वाढतात आणि स्नायू मागे राहतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं खेळणाऱ्या मुलांत नेहमीचं. लॉस एंजेलिसमधल्या 112 शालेय खेळाडूंच्या 2014 सालच्या अभ्यासात 8 तासांहून कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापतीची शक्यता 1.7 पट आढळली. अभ्यास लहान आहे, आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; पण दुर्लक्ष करण्याजोगाही तो नाही.

यावर हमखास उत्तर येतं ते सचिन तेंडुलकरचं. 15 नोव्हेंबर 1989 रोजी कराचीत पहिली कसोटी खेळायला उतरला तेव्हा तो 16 वर्षांचा होता. कॉलेजवाचून त्याचं काय अडलं? त्याचं नाही अडलं. शाळाही सुटली आणि मैदानही सुटलं, अशांची नावं मात्र कुणाला पाठ नसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला 17व्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. मग बाकी सारं सोडून लवकर झोकून द्यायला नको का? लवकर सुरुवात करणं आणि दुसरं काहीच न करणं यांत फरक आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं, की प्रौढ वयात जागतिक दर्जा गाठणाऱ्यांनी, राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, लहानपणी अधिक खेळ खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि त्यांची सुरुवातीची प्रगती धिमी होती. कुमार गटात चमकलेल्यांचं चित्र नेमकं उलटं. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात गणित थोडं बदलतं, हे खरं.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना क्रीडा गुणांची सवलत मिळते. ती असावीच, पण गुण वाढल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत. स्पर्धेमुळे बुडालेली सहामाही नंतर देता आली, सराव शाळेच्या वेळेतच बसवला, तर तास मोकळे होतात. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, असं बालरोगतज्ज्ञही सुचवतात. प्रशिक्षकांनी तो रविवार सोडला, तरी क्लासवाले जादा तासासाठी त्यावर टपलेले असतातच.