शून्यही लिहावं लागतं

सकाळचे साडेआठ. अंगणातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं उचललं, आतली बाटली काढली, उलटी धरली. एक थेंबही पडला नाही. वहीत तारीख घातली आणि पुढं ० लिहिलं. सलग कितवं शून्य ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

कुंपणापलीकडून शेजारचे तात्या रोजच्यासारखे विचारते झाले, "बाई, आज किती?"

"शून्य, तात्या."

"मग लिहिता कशाला?"

२०२३ सालच्या ऑगस्टातली ही गोष्ट. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, म्हणजे दोन श्रावण. अधिक श्रावणाचे शेवटचे दिवस उन्हात गेले. १७ तारखेला निज श्रावण लागला, तेव्हाच सूर्य मघा नक्षत्रात गेला. मघा कोरडी गेली की माणसानं नुसतं वर बघत बसायचं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. त्या महिन्यात सगळं गाव वरच बघत होतं.

आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, वावीच्या अलीकडं. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर पहिली खरेदी केली ती पर्जन्यमापकाची. त्यामुळं हा लेख हवामानशास्त्रज्ञाचा नाही. रोज सकाळी एक आकडा लिहिणाऱ्या बाईचा आहे.

त्या महिन्याचा देशाचा आकडा आधी सांगते. भारतात ऑगस्टमध्ये सरासरी २५४.९ मिलिमीटर पाऊस पडायला हवा. २०२३च्या ऑगस्टात पडला १६२.७ मिलिमीटर, म्हणजे ३६ टक्के कमी. देशाच्या पावसाची सलग नोंद १९०१पासून आहे. तेव्हापासूनच्या सगळ्या ऑगस्टांमध्ये इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. दिवसाच्या कमाल तापमानाची देशाची सरासरीही त्याच महिन्यात ऑगस्टपुरती उच्चांकी ठरली. ढग नाहीत, माती सुकलेली, मग ऊन अडवणार कोण?

मिलिमीटर म्हणजे काय, हे मी वर्गात मुलांना पाणी ओतून दाखवत असे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशीवर एक लिटर पाणी सारखं पसरलं, ते कुठं वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर त्याची उंची एक मिलिमीटर भरते. एवढंच. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, मोठ्या टँकरभर पाणी. हे कळलं की पेपरातला आकडा वेगळा दिसायला लागतो. ऑगस्टात देशाचे ९२ मिलिमीटर बुडाले, म्हणजे सरासरीनं प्रत्येक हेक्टरामागं ९२ टँकर आलेच नाहीत.

मापकाचं तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठेवतात. आसपास झाड किंवा भिंत असेल, तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं. आमच्या कडुनिंबापायी मला माझं मापक पार गोठ्याच्या मागं न्यावं लागलं. देशभर वाचन सकाळी साडेआठला होतं आणि ते मागच्या चोवीस तासांचं असतं. म्हणून रात्री पडलेला पाऊस उद्याच्या तारखेला लागतो. दिवसभरात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरलं, तरच तो दिवस पावसाचा धरतात. ६४.५ मिलिमीटरपासून पुढं जोरदार पाऊस म्हणायचं आणि २०४.५च्या वर गेला की अतितीव्र. ही मापं ठरलेली आहेत म्हणून केरळातला पाऊस आणि काश्मीरातला पाऊस एकाच रकान्यात बसतो.

सगळ्या केंद्रांचे आकडे एकत्र करताना नुसती बेरीज करून भागत नाही. तसं केलं तर जिथं मापकं दाट तिथल्याच पावसाचं पारडं जड होईल. म्हणून ज्या भागाचं क्षेत्रफळ जेवढं, तेवढं वजन त्याच्या पावसाला देतात. देशाचे यासाठी ३६ उपविभाग केले आहेत. आपल्याकडं कोकण आणि गोवा मिळून एक, मग मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. आम्ही मध्य महाराष्ट्रात मोडतो. आमच्या शेजारचा इगतपुरी तालुकाही त्यातच. घोटी-सिन्नर रस्त्यानं तासाभराचं अंतर. तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, भात चिखलात उभा असतो, आणि इकडं बाजरीची पानं दुपारी सुरळी होऊन बसतात. दोघांची मिळून काढलेली सरासरी तिकडच्याही कामाची नाही आणि इकडच्याही.

ज्याच्याशी आपण तुलना करतो ते 'सरासरी' नावाचं मापही कायमचं नसतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पूर्वी १९६१ ते २०१० या पन्नास वर्षांवरून जून ते सप्टेंबरचा देशाचा सरासरी पाऊस ८८०.६ मिलिमीटर धरत. २०२२पासून १९७१ ते २०२०ची पन्नास वर्षं धरली जातात आणि आकडा ८६८.६वर आला आहे. बारा मिलिमीटर खाली. कुणी पाऊस चोरला नाही. ओली दहा वर्षं हिशेबातून गेली आणि त्यांच्या जागी त्यामानानं कोरडी आली.

मग ऑगस्ट गेला कुठं? पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक आडवा पट्टा पसरलेला असतो. तो आपल्या जागी असला की उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं त्याच्या वाटेनं आत येतात आणि मध्य भारतावर पाऊस पाडतात. हा पट्टा कधीकधी उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसतो. मग तिकडं ढग फुटल्यासारखं पाणी कोसळतं आणि इकडं उघडीप पडते. हवामानवाले याला मान्सूनचा खंड म्हणतात. २०२३च्या ऑगस्टात तेच झालं, आणि फार लांबलं. १४ ऑगस्टला शिमल्यातल्या समरहिलचं शिवमंदिर दरडीखाली गेलं, माणसं गाडली गेली. त्याच दिवशी माझ्या वहीत शून्य आहे. ही दोन्ही दुःखं एकाच पट्ट्याच्या सरकण्यातून आलेली. केरळात ऑगस्टमध्ये एरवी चारशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तिथं जेमतेम साठेक मिलिमीटर झाला.

त्यात प्रशांत महासागराचं पाणी तापलेलं होतं, म्हणजे एल निनो आलेला होता. पाणी तापतं तिथं हवा वर चढते, ढग तिकडं जमतात आणि आपल्या बाजूला हवा खाली बसायला लागते. शिवाय विषुववृत्ताजवळून ढगांची एक लाट महिना-दोन महिन्यांत पृथ्वीला फेरी घालते, तीही त्या वेळी आपल्या समुद्रावर नव्हती. पण सगळा दोष एल निनोवर टाकणं मला पटत नाही. एल निनो जुलैतही होताच, आणि जुलैत देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. १३ जुलैला दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर चढली, १९७८ सालचा उच्चांक मोडून.

आता चारही महिने मांडा. जून ९१ टक्के, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर पुन्हा ११३. एकूण ८२० मिलिमीटर, सरासरीच्या ९४ टक्के. सरकारी भाषेत 'सरासरीपेक्षा कमी', दुष्काळ नाही. शंभरात चौऱ्याण्णव गुण मिळवणारा मुलगा वर्गात पहिला यायचा. पण पीक वर्षाचे गुण बघत नाही. ऑगस्टात सोयाबीन फुलात असतं, शेंग धरत असतं. मक्याला तुरा येतो. त्या दिवसांत पाणी नाही मिळालं, तर सप्टेंबरात ओढे भरून वाहिले तरी गळलेलं फूल परत लागत नाही. आमच्याकडं जुलैतही नुसती भुरभुर होती. पोळ्याला बैल सजवले, पण तात्यांच्या मक्याची कणसं बोटभर होती.

आणखी एक गोष्ट मला आकड्यांत सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२३च्या आधी सगळ्यांत कोरड्या ऑगस्टचा विक्रम होता २००५च्या नावावर, १९१.२ मिलिमीटरचा. २००५ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत त्याच मुंबईतल्या कुलाब्याला सुमारे ७४. त्या जुलैच्या पाठोपाठ देशाचा तोवरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट आला, हे कुणाच्या लक्षात नाही. पाणी घरात शिरलेलं लोक विसरत नाहीत. न आलेलं पाणी विसरलं जातं. ते लक्षात ठेवायचं काम वहीलाच करावं लागतं.

देशाची ही वही किती जुनी आहे बघा. भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं, कलकत्त्याचं १८६४चं चक्रीवादळ आणि त्यानंतर दोनदा बुडालेला पाऊस यांचा धडा घेऊन. १९०४मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती त्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे जुने तक्ते समोर ठेवून आकडेमोड करवली. तेव्हा दिसलं की प्रशांत महासागरावर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही. एल निनोचं कोडं पुढं याच धाग्यावरून उलगडलं. ते तक्ते कुठल्याशा बंदरात, कुठल्याशा डाक बंगल्याच्या आवारात रोज वाचन घेणाऱ्या माणसांनी भरले होते. आपण कशासाठी लिहितोय हे त्यांच्यातल्या कितीकांना ठाऊक असेल? पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणून बस थांबते, ते हेच खातं. १९२८ साली त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि नाव तेवढं मागं राहिलं. देशभरातल्या हवामानाच्या नोंदी आजही पुण्यातच जपून ठेवल्या जातात.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र २०२३च्या त्याच ऑगस्टच्या शेवटी आलं. पीकविम्याच्या भरपाईसाठी पावसाच्या सलग २१ दिवसांच्या खंडाची गोष्ट निघाली. महसूल मंडळाच्या केंद्रावर सर पडली की नाही, कुठल्या तारखेला, किती, यावर चावडीत भांडणं व्हायची. एका केंद्राच्या मापकाभोवती गवत कमरेएवढं वाढलेलं मी स्वतः पाहिलं आहे. माझ्या वहीला कागदोपत्री काही किंमत नाही, हे मला माहीत होतं. तरी तात्या ती मागून घेऊन गेले. शून्यांची ती पानं त्यांनी चावडीत वाचून दाखवली. ३१ ऑक्टोबरला सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सिन्नर होता. माझ्या वहीमुळं नव्हे. पण मोजणारं कुणीतरी होतं म्हणून.

माझ्या वहीत एका वर्षी नऊ दिवस कोरे आहेत. बहिणीच्या आजारपणात मी नाशिकला होते. त्या नऊ दिवसांत पाऊस झाला का? गावातले निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, पाहिलं आणि पाणी नव्हतं. कोऱ्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही, आणि ती नऊ घरं आता कधीच भरता येणार नाहीत.

तुमच्या गावात शाळा असेल, अंगण असेल, तर एक पर्जन्यमापक बसवा. मुलांना रोज साडेआठला पाठवा. पाऊस पडला त्या दिवशी ती आपण होऊन धावत जातील. पडला नसेल त्या दिवशीही त्यांना पाठवा, आणि ० लिहायला लावा.