झोपेची गोळी आणि सहेरी

रमजानात अम्मींची झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यापुरती झोल्पिडेम लिहून दिली. तरावीहनंतर अकराला गोळी, साडेतीनला सहेरी! अम्मी भिंत धरून उठल्या, वुजू करताना तोल गेला. सहेरीचे आम्ही डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. या गोळीनंतर सात-आठ तास झोप हवी. बायकांच्या अंगात तिचा अंमल जास्त टिकतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावली. गोळी अंथरुणावर बसूनच घ्यावी, मग भांडी आवरायला उठू नये. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांसोबत विचारल्याशिवाय नको, शेजारणीच्या पट्टीतली तर मुळीच नको. सवय लागली असेल तर एकदम बंदही करू नये. डॉक्टरच हळूहळू कमी करतील. अम्मींची गोळी त्यांनी थांबवली. आता जोहरनंतर त्या अर्धा तास पडतात.