कॅन्सरच्या उपचारात विसरायला होतेय, जीव घाबरतोय? कारण शरीरातही असू शकते

दुधाखालचा गॅस बंद करायचा राहून जातो. रोजच्या ओळखीच्या माणसाचे नाव पटकन आठवत नाही. वर्तमानपत्रातली एक बातमी दोनदा वाचावी लागते. रात्री दोन वाजता छातीत धडधड होते आणि झोप उडते ती उडतेच.

कॅन्सरचे उपचार सुरू असलेल्या अनेक घरांत हे घडते. मग नातेवाईक म्हणतात, "तू फार विचार करतेस, मन घट्ट कर." पेशंटलाही तसेच वाटू लागते आणि ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. इथेच चूक होते. एवढा मोठा आजार झाल्यावर भीती वाटणे साहजिक आहे. पण विसरणे आणि घाबरणे यामागे अनेकदा शरीरातले कारण असते, आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर इलाज आहे.

मेंदूवर परिणाम कसा होतो?

ताप आल्यावर डोके जड होते आणि काही सुचत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. शरीरात दाह निर्माण झाला की सायटोकाइन नावाची रसायने रक्तात वाढतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. कॅन्सरमध्ये आणि त्याच्या उपचारात असा दाह आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. म्हणूनच काही पेशंटना केमो सुरू होण्याआधीपासूनच लक्ष लागत नसल्याचे जाणवते. केमोची काही औषधे मेंदूच्या पेशींवरही परिणाम करतात. याला 'केमो ब्रेन' म्हणतात. हे वेड नव्हे. बहुतेकांना उपचार संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू बरे वाटते, काहींना जास्त वेळ लागतो.

स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हार्मोन कमी करणारी औषधे देतात. त्यामुळे अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते आणि चिडचिड व विसरणे वाढू शकते.

औषधांमुळे येणारी बेचैनी

- डेक्सामेथासोन (स्टेरॉइड): केमोसोबत उलटी होऊ नये म्हणून देतात. याने झोप उडते, धडधडते, रक्तातली साखर वाढते. औषध थांबल्यावर काही दिवस एकदम गळून गेल्यासारखे वाटू शकते. रोजची गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.
- मेटोक्लोप्रामाइड (उलटीची गोळी किंवा इंजेक्शन): काहींना याने एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात. ही भीती नसून औषधाचा दुष्परिणाम असतो. औषध बदलता येते.
- मॉर्फिनसारखी वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या, काही ॲलर्जीची औषधे: यांनी गुंगी आणि गोंधळ होऊ शकतो, विशेषतः वयस्कर माणसांत.
- अचानक सोडलेली तंबाखू किंवा दारू: दारू बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत हातापायाला कंप सुटून भ्रम होऊ शकतो. सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका.

कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड तर मुळीच नाही.

रक्ताच्या तपासणीत सापडणारी कारणे

- हिमोग्लोबिन कमी होणे: थकवा, धाप, धडधड. हे सगळे घाबरल्यासारखेच वाटते.
- सोडियम कमी होणे (सर्वसाधारण पातळी १३५ ते १४५): उलट्या, जुलाब, तसेच फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये होते. माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो.
- कॅल्शियम वाढणे: खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता आणि गुंगी एकत्र दिसली तर हे तपासायलाच हवे.
- थायरॉइड बिघडणे: मानेला रेडिएशन दिल्यावर किंवा इम्युनोथेरपीनंतर होऊ शकते.
- बी-१२ कमी असणे: शाकाहारी माणसांत आणि जठराच्या शस्त्रक्रियेनंतर जास्त आढळते.
- साखर कमी होणे: जेवण घटले आणि मधुमेहाचे औषध तेवढेच राहिले, तर घाम, थरथर आणि घाबरेपणा येतो.

हळूहळू की अचानक?

घरच्यांनी सर्वात जास्त लक्ष इथे द्यावे. केमो ब्रेन हळूहळू जाणवतो आणि माणूस भानावर असतो. पण काल बरे बोलणारा माणूस आज दिवस-वेळ विसरला, नसलेल्या गोष्टी पाहू लागला किंवा सारखा गुंगीत राहू लागला, तर "वयामुळे होतेय" म्हणून थांबू नका. पुढीलपैकी काहीही असेल तर लगेच हॉस्पिटलमध्ये न्या:

- अचानक गोंधळ किंवा भ्रम
- केमो सुरू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप
- अचानक धाप लागणे, छातीत दुखणे (फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचे लक्षण असू शकते)
- फिट येणे, हात-पाय लुळा पडणे, वाढत जाणारी डोकेदुखी व उलटी

डॉक्टरांकडे जाताना

एका वहीत तीन गोष्टी लिहा: त्रास कधी सुरू झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो आणि त्याआधी कोणते औषध सुरू झाले किंवा बदलले. आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांसह सगळी औषधे पिशवीत घालून न्या. ओपीडीत वेळ कमी असतो, म्हणून हा त्रास शेवटी दारातून निघताना न सांगता सुरुवातीलाच सांगा.

घरी गोळ्यांसाठी वारांचे खाने असलेली डबी आणि मोबाइलचा अलार्म वापरा. झेपेल तेवढे रोज चाला. एका वेळी एकच काम करा.

तपासण्या नॉर्मल आल्या, तरी त्रास खोटा ठरत नाही. चिंतेवरही समुपदेशन आणि औषधे आहेत, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि घरच्यांना एक विनंती: पुढच्या वेळी "मन घट्ट कर" म्हणण्याऐवजी "हे डॉक्टरांना सांगूया" असे म्हणा.