भिंत, चुना आणि लेड झेपलिन

बेळगाव-शहापुरातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना ‘लोणा’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात भिंतीच्या तळाशी ओल चढते, दिवाळीच्या सुमारास ती वाळते आणि मग पांढरी खारट भुकटी वर येते. रंगाचे पोपडे सुटतात. आपण ते खरवडतो, नवा रंग देतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विसरतो. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. यंदा फेब्रुवारीत मात्र मागच्या खोलीत गिलाव्याचा परातीएवढा तुकडा आपणहून खाली आला. मागचा जांभ्याचा चिरा बोटानं उकरला, तर रव्यासारखा गळायला लागला.

ती खोली आप्पांची. वय ८१, रात्रीचा खोकला, आणि खोली बदलणार नाही हा हट्ट. त्याच भिंतीत एक कोनाड्याचं कपाट आहे. त्यात काकांच्या एलपी आहेत, सत्तरच्या वर. काका पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिनवर मी वाढले. इतर मुली शाळेच्या गॅदरिंगला कोळीगीतांवर नाचायच्या, तेव्हा मी बाकावर ‘स्मोक ऑन द वॉटर’चा ठेका धरत असे. आता त्या एलपींच्या कव्हरांवर करडी बुरशी चढली होती. ‘द वॉल’च्या कव्हरवरच्या पांढऱ्या विटा तर खऱ्याच ओल आलेल्या वाटत होत्या.

पुण्याहून भावाचा फोन आला. “पाडून टाक ती भिंत. नाहीतर सगळं घरच देऊन टाकूया. किती दिवस ठिगळं लावणार?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण आप्पा पलीकडच्या खोलीतून ऐकत होते, आणि त्यांनी त्या दिवशी दुपारी जेवण घेतलं नाही. मी भावाला सांगितलं, मृग लागायच्या आत भिंत उभी करून दाखवते. नाही झाली, तर दिवाळीत तू म्हणशील तसं.

मग सुरू झाली गवंड्यांची वरात. पहिल्या कंत्राटदारानं अ‍ॅडव्हान्स घेतला आणि लग्नसराईत गडप झाला. दुसऱ्यानं येताच विचारलं, “घरात कोण पुरुष माणूस न्हाई काय ओ?” मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, लांबी-रुंदीचा हिशेब मला कळतो, हे त्याला पटायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना त्याच्या माणसांनी भिंतीच्या दोन थरांच्या दरजा सिमेंटनं चापून भरून टाकल्या. वर वॉटरप्रूफिंगचं केमिकल. “आता शंभर वर्षं बघायला नको,” तो म्हणाला. आठ दिवसांत ओल त्या दोन थरांच्या वर हातभर चढली.

एका सहकाऱ्याच्या ओळखीनं खानापूरकडचे एक म्हातारे गवंडी आले. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी भिंतीला हात लावला नाही, आधी बाहेर जाऊन गल्ली बघितली. आमच्या लहानपणी गल्लीतून घरात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. डांबरावर डांबर चढत रस्ता इतका वर आला की आता एकच पायरी उरली आहे. पावसाचं पाणी जोत्याशी तुंबतं. वर छपराची पन्हळ एका जागी फुटलेली, तिचं पाणी थेट भिंतीवर.

“पाणी आत आलंय अक्का. त्येला भायेर जायला वाट नको काय?” मामा म्हणाले. “सिमेंट लावून दार बंद केलासा तुमी.”

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मी नंतर सावकाश समजून घेतलं. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतली ओल त्यातून वर चढते. जुन्या भिंतीत दरजा चुन्याच्या असतात. चुना दगडापेक्षा मऊ आणि मोकळा, म्हणून ओल त्या दरजांतून बाहेर पडून वाळते. झिजायचं काम चुना करतो, दगड वाचतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि घट्ट. दरजा बंद झाल्या की ओल दगडातूनच बाहेर पडायला बघते. पाणी उडून जातं, पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचून त्यांचे स्फटिक होतात, फुगतात आणि गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा ढकलून देतात. लोणा म्हणतात तो हाच.

आधी सिमेंट काढायचं होतं. ब्रेकर लावला तर चिऱ्याच्या कडा उडतात, म्हणून छिन्नी-हातोडी. दिवसभरात जेमतेम दोन हात भिंत मोकळी व्हायची. ठक्, ठक्, ठक्, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. सुट्टी लागली होती, मी घरीच. तो ठोका सहन होईना, म्हणून मी स्पीकर बाहेर ओढून आणला आणि गाणी लावली. पिंक फ्लॉइडनं ‘द वॉल’च्या १९८०-८१ च्या कार्यक्रमांत रंगमंचावर पुठ्ठ्याच्या विटांची प्रचंड भिंत बांधली होती. अर्ध्या कार्यक्रमात भिंत पूर्ण, शेवटी जमीनदोस्त. मला त्यांचा हेवा वाटला.

मामांना त्यातलं काही आवडल्याचं दिसलं नाही. गावातल्या भजनी मंडळात ते मृदंग वाजवतात. गिटार लांबली की ते सरळ विडी प्यायला बाहेर जात. एकदा ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लागलं. सुरुवातीला नुसते ड्रम. मामांची छिन्नी थांबली.

“ह्यो देवळात वाजवतोय काय ओ?”

देवळात नाही, जिन्यात. लेड झेपलिनचा चौथा अल्बम लोक ‘स्टेअरवे टू हेवन’साठी ओळखतात, पण माझ्या मते त्यातलं सगळ्यात मोठं गाणं हे शेवटचं. इंग्लंडच्या हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज हे घर १७९५ साली गोरगरिबांच्या आश्रयासाठी बांधलेलं. तिथल्या उंच जिन्याच्या तळाशी जॉन बॉनहॅमचे ड्रम मांडले आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ऐकू येतात ते ड्रम आणि त्या भिंती, दोन्ही. गाणं मुळात १९२९ सालचं, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, त्यावरचं. बाहेर मे महिन्याचे ढग आणि समोर उघडी पडलेली भिंत, अशा वेळी ते गाणं ऐकणं फारसं सुखाचं नव्हतं.

मामांनी घराचं वय विचारलं, मी सांगितलं. “मग चुन्याचंच की ते,” म्हणून ते पुन्हा कामाला लागले. मी रात्री ताडून बघितलं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, आणि ते घेणारा जोसेफ अ‍ॅस्पडिन स्वतः गवंडीच होता. म्हणजे हेडली ग्रेंज बांधलं तेव्हा हे सिमेंट जन्मालाही आलेलं नव्हतं.

काका असते तर लगेच मुंबईची गोष्ट सुरू झाली असती. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ साली मुंबईत आले, तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये चक्क वाजवलं. काका तेव्हा मुंबईतच शिकत होते आणि त्या रात्री होस्टेलवर झोपले होते. ही खंत त्यांनी आम्हाला शंभरदा तरी ऐकवली असेल. ते ध्वनिमुद्रण २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आलं, तेव्हा त्यांनी आप्पांना शेजारी बसवून ऐकवलं. आप्पा भीमसेनवाले. “तबला बरा आहे,” एवढंच बोलले.

चुन्याचं काम म्हणजे उशिराचं काम. कळीचा चुना पिंपात पाण्यात विझवला तेव्हा पाणी अक्षरशः उकळलं. तो गाळून तीन आठवडे पाण्याखाली ठेवला. मग वाळू, विटांची सुर्खी, गुळाचं पाणी आणि भिजवलेला हिरडा. आमच्या स्वयंपाकघरातून दोन किलो गूळ गेला, यावर आईचं मत वेगळं लिहावं लागेल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, म्हणून थर पातळ द्यायचा आणि तो झटकन वाळू द्यायचा नाही. मेच्या उन्हात ओली गोणपाटं लावून दर दोन तासांनी पाणी शिंपडायचं. हे काम आप्पांनी मागून घेतलं. खुर्ची टाकून, हातात पितळी तांब्या घेऊन ते बसायचे. ‘डार्क साइड ऑफ द मून’ त्यांना चालायचा. ‘ब्लॅक सॅबाथ’ लावला की तांब्या आपटायचे.

बाहेर जोत्याकडेनं चर खणून खडी भरली, पाणी गटाराकडे वळवलं, पन्हळ बदलली. खर्चाचं म्हणाल तर सिमेंटपेक्षा माल फार महाग नाही पडला. पैसे गेले ते मजुरीत, आणि दिवस किती गेले ते मी भावाला सांगितलेलं नाही. शेवटचा थर पहिल्या वळवाच्या दोन दिवस आधी झाला. त्या रात्री मी तीनदा उठून टॉर्च लावून भिंत बघितली. तिसऱ्यांदा गेले तर आप्पा जागेच होते, एक हात भिंतीवर ठेवून.

हे लिहितेय तोवर श्रावण लागलाय. बाहेरच्या अंगाला ओल आहे, असणारच. आत मात्र खरखरीत, कोरडं. आप्पांचा खोकला आहे, पण रात्री एकदाच उठतात. भाऊ गणपतीला येणार आहे, घराचा विषय त्यानं अजून तरी काढलेला नाही. एलपी मी मऊ ब्रशनं आणि डिस्टिल्ड वॉटरनं धुतल्या. नऊ वाया गेल्या, ‘मशीन हेड’ त्यातलीच एक. बाकीच्या सध्या फ्रिजशेजारी उभ्या आहेत, कारण कोनाड्यातला चुना पुरता वाळेपर्यंत तिथं काही ठेवायचं नाही अशी मामांची ताकीद आहे. उत्तरेच्या भिंतीलाही कोणीतरी कधीकाळी सिमेंट लावलेलं आहे. मामांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे आणि चुना आधीच भिजत घालायला सांगितलाय.